हातगाडीच्या ब्रेकचं पेटंट : अर्जापासून हातात पडेपर्यंत

मामीच्या हातगाडीच्या ब्रेकला नोव्हेंबर 2024 मध्ये पेटंट मिळालं. तेव्हापासून मामाच्या वेल्डिंगच्या शॉपवर येणारा प्रत्येक जण तेच विचारतो. खर्च किती आला? वकील कोण लावला? आणि एवढी उठाठेव करून मिळालं काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका ओळीत संपतात : सरकारी फी 12,900 रुपये, आणि वकील लावला नाही. तिसऱ्याला वेळ लागतो, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आधी वस्तू काय ते सांगते. मामी फळांची गाडी लावते. आमच्या बाजाराचा रस्ता उताराचा, त्यामुळे गाडी थांबवली की चाकाखाली दगड, पुढे न्यायची की दगड काढ, असं दिवसभर चालायचं. दांड्याला क्लचसारखी मूठ, ती धरली की ब्रेक सुटतो आणि सोडली की लागतो, एवढं मामाने फार आधी करून पाहिलं होतं. अडचण स्प्रिंगची होती. भरलेली गाडी धरून ठेवेल इतकी कडक स्प्रिंग लावली, तर दिवसभर मूठ दाबून मामीचा हात सुजायचा. मऊ लावली, तर सकाळी भरल्या गाडीला ब्रेक पुरायचा नाही. भरलेल्या टेम्पोचे पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) कसे दबतात हे रोज बघणारी मामीच म्हणाली, "अहो, माल चढला की फळी खाली बसते ना? मग त्या बसण्यानेच स्प्रिंग आवळून घ्या की."

मामाने फळी दोन जुन्या पाट्यांवर बसवली आणि खालून एक दांडी स्प्रिंगपर्यंत नेली. ती दांडी ढकलायची, त्यामुळे जड मालाखाली वाकायची. शॉपवर कामाला असलेल्या पोराने दांडीची लिव्हर उलटी फिरवून टॅक (वेल्डिंगचा छोटा टाका) मारला. आता दांडी ढकलत नाही, ओढते, आणि ओढणारी दांडी वाकत नाही. हा पोरगा पुढे पुन्हा येणार आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये शॉपमागच्या आवारात ब्रेक व्यवस्थित लागला. मामाला दुसऱ्याच दिवशी गाडी बाजारात न्यायची होती आणि मामेभावाला व्हिडिओ टाकायचा होता. मी दोघांनाही थांबवलं, कारण पेटंटसाठी वस्तू नवी लागते, आणि अर्जाच्या तारखेआधी ती चारचौघांत वापरली, विकली किंवा तिचा व्हिडिओ पसरला, तर तो आपल्याच विरुद्धचा पुरावा होतो. चाचणीसाठी कायद्यात थोडी सवलत आहे (कलम 32), प्रदर्शनासाठीही आहे (कलम 31), पण ती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती. तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात वस्तू मांडून "आमचं आम्हीच दाखवलं" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या सवलतींवर विसंबून वाद घालत बसण्यापेक्षा आधी अर्ज टाकून तारीख घेणं कितीतरी स्वस्त पडतं. मामी वैतागली. "मग काय, गाडी देव्हाऱ्यात ठेवू?" महिनाभर ती जुन्याच गाडीवर दगड लावत राहिली.

मामाचा प्रश्न वेगळा होता : कागदाने काय होतं? मी त्याला दादाजी खोब्रागड्यांची गोष्ट सांगितली. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. 1983 च्या सुमारास त्यांना धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, पेरून, पुन्हा निवडून त्यांनी एचएमटी हे वाण तयार केलं. नाव घड्याळावरून. ते वाण कितीतरी राज्यांत पोचलं, बियाणं विकणाऱ्यांनी पैसा केला, आणि 2018 मध्ये दादाजी गेले तेव्हा घरची ओढाताण तशीच होती. पिकांच्या वाणाला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, त्याचा कायदा वेगळा आणि तोही 2001 चा, म्हणजे तुलना तंतोतंत नाही. पण मामाने त्यानंतर कागदाबद्दल विचारलं नाही.

सप्टेंबर शोधाशोधीत गेला. आपली कल्पना जगात आधी कोणी नोंदवली आहे का, हे बघणं फुकट आहे. पेटंट ऑफिसच्या संकेतस्थळावरचं इनपास, शिवाय गुगल पेटंट्स आणि एस्पेसनेट. शब्द टाकून शोधलं तर हाती फार लागत नाही, कारण आपण ज्याला हातगाडी म्हणतो त्याला कोणी ट्रॉली म्हणतं, कोणी कार्ट, कोणी नुसतं "वाहक साधन". त्यापेक्षा पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक धरा. हाताने ढकलायच्या गाड्यांचे ब्रेक बी62बी 5/04 खाली येतात, बाबागाड्यांचे बी62बी 9/08 खाली, आणि ओझ्यानुसार कमीजास्त होणारे वाहनांचे ब्रेक बी60टी 8/18 खाली. तीनही कप्पे उघडल्यावर माझे हातपाय गार पडले. मूठ सोडली की लागणारा ब्रेक सामानाच्या ट्रॉल्यांना कधीपासून आहे. ओझ्याप्रमाणे ब्रेकचा जोर बदलणं ट्रकमध्ये आहे. मात्र फळीच्या बसण्याने नुसत्या दांडीतून स्प्रिंग ओढून घेणारी रचना हातगाडीत कुठे दिसली नाही. आपलं नेमकं काय आणि जुनं काय, हे अर्जाआधीच कळणं फार मोलाचं ठरलं.

या महिन्यातच दोन-तीन सल्लागारांना विचारून पाहिलं. एकाने पंचेचाळीस हजार सांगितले. दुसऱ्याने "पेटंटची गॅरंटी" देऊ केली. गॅरंटी देणाऱ्याकडून चहाही घेऊ नये. अर्ज मोठा असेल, रसायन किंवा औषध असेल, तर चांगला पेटंट एजंट लावावाच. पण कायद्याने एजंट बंधनकारक नाही, अर्जदार स्वतः सगळं करू शकतो, आणि आमची वस्तू डोळ्यांना दिसणारी होती. गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचाही (एनआयएफ) विचार केला. शिक्षण-पदवी नसलेल्या, स्वतःच्या डोक्याने काहीतरी घडवणाऱ्या लोकांसाठीच ही संस्था 2000 साली निघाली. निवडलेल्या नवकल्पनांचे पेटंट अर्ज ती स्वतः करते आणि माहिती कोणाला द्यायची याची संमती आधी घेते. ज्यांच्या घरी कागद करणारं कोणी नाही त्यांनी पहिलं दार तिथलंच ठोठवावं, असं मला आजही वाटतं. आम्हाला तारखेची घाई होती, म्हणून अर्ज स्वतः टाकायचं ठरलं.

मग आला तो दिवस, ज्याने मला सगळ्यात जास्त दमवलं. फॉर्म 1 मध्ये एक साधा रकाना आहे : संशोधकाचं नाव. मामा म्हणाला, "माझं टाक, शॉप माझं." मामी काही बोलली नाही, भाजी निवडत राहिली. कायदा विचारतो की दावा केलेल्या कल्पनेत डोकं कोणाचं. शॉप, पत्रा, वीजबिल कोणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नुसतं सांगितल्याबरहुकूम वेल्डिंग करणारा संशोधक होत नाही, पण लिव्हर उलटी फिरवणारा होतो. मी तिघांचीही नावं म्हटली.

मामा गप्प झाला. मग म्हणाला, "पोरगा उद्या दुसऱ्या शॉपवर गेला तर?"

"गेला तर गेला," मामी म्हणाली. "डोकं त्याचं होतं ना? मग नाव त्याचं."

तिघेही संशोधक आणि तिघेही अर्जदार. इथे एक कलम नीट वाचून घ्यायला हवं : कलम 50. सहमालकांचा हक्क सारखा असतो. प्रत्येक जण ती वस्तू स्वतः बनवून विकू शकतो, इतरांना हिशेब द्यावा लागत नाही. पण तिसऱ्याला परवाना द्यायचा तर सगळ्यांची संमती लागते. वेगळं ठरवायचं असेल तर ते लेखी हवं. आम्ही स्टॅम्प पेपरवर साध्या मराठीत लिहून घेतलं : परवान्याचे पैसे आले तर तीन सारखे वाटे, आणि पोरगा कुठेही कामाला असला तरी त्याचा वाटा त्याला.

ऑनलाइन अर्जासाठी मामीच्या नावाने क्लास 3 डिजिटल सही काढली. दोन हजारांच्या आसपास गेले, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. सहीसाठी कॅमेऱ्यासमोर नाव सांगून छोटा व्हिडिओ द्यावा लागतो. मामीने त्यासाठी ठेवणीतली साडी नेसली. बाकी दोघांनी फॉर्म 26 वर तिला अधिकार दिला.

पहिला अर्ज प्रोव्हिजनल (तात्पुरता) केला. यात दावे, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर हे सांगणारी वाक्यं, लिहावे लागत नाहीत, वस्तूचं वर्णन आणि आकृत्या पुरतात, आणि पूर्ण स्पेसिफिकेशन (दाव्यांसह सविस्तर वर्णन) द्यायला बारा महिने मिळतात. हातावर पोट असलेल्यांसाठी हीच खरी सोय आहे : 1,600 रुपयांत तारीख नक्की, मग वस्तू बाजारात न्या, वापरा, सुधारा. ही फी व्यक्तींसाठी आहे. मोठ्या कंपनीला याच कामाचे 8,000 पडतात. कागदावर अर्ज दिला तर फी दहा टक्के जास्त. आणि एक गोष्ट आधीच ठाऊक असलेली बरी : कागदपत्रं इंग्रजीत किंवा हिंदीतच चालतात, मराठीत नाही.

आकृत्यांचे नियम कडक आहेत. ए4 कागद, वर आणि डावीकडे चार सेंटिमीटर समास, खाली आणि उजवीकडे तीन. चित्रात शब्द लिहायचे नाहीत, फक्त आकडे. ओळखीतल्या आयटीआयच्या ड्रॉइंगच्या सरांनी काळ्या शाईत स्वच्छ काढून दिल्या. फळी 10, पाटे 12, ओढदांडी 14, लिव्हर 16, स्प्रिंग 18, ब्रेकचा बूट 20. पुढे कितीतरी दिवस मामा शॉपमध्ये "अरे, चौदा नंबर ढिला पडलाय" असंच बोलत होता. ऑक्टोबर 2022 च्या पहिल्या आठवड्यात अर्ज गेला, लगेच क्रमांक मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवी गाडी बाजारात उभी राहिली.

पुढचं वर्ष गाडीने रस्त्यावर काढलं. पावसात ब्रेकचा बूट घसरायला लागला, म्हणून त्याला स्कूटरचं लायनर चिकटवलं. धुळीने लिव्हरची पिन घासली, तिथे बुश आला. या सुधारणा मी वहीत तारखेसह टिपत होते.

सप्टेंबर 2023 मध्ये पूर्ण स्पेसिफिकेशन, फॉर्म 2. सोबत फॉर्म 3 (परदेशातल्या अर्जांची माहिती) आणि फॉर्म 5 (संशोधक कोण याची घोषणा). तीस पानं आणि दहा दाव्यांपर्यंत जादा फी नाही, पुढे पानाला 160 आणि दाव्याला 320 रुपये. आम्ही आठ दाव्यांत बसवलं. सारांश दीडशे शब्दांच्या आत. दावा लिहिणं हे काम विचित्र आहे. प्रत्येक दावा एका वाक्याचा, मग ते वाक्य पाऊण पानाचं का होईना. मामा हाताने दाखवायचा, "हे असं खाली आलं की ते असं घट्ट येतं", आणि मला त्या "असं"मध्ये काय काय आहे ते शोधायचं होतं. कुठे जोडलंय, कशाभोवती फिरतं, कोणत्या दिशेला ओढतं. एका संध्याकाळी मी डोळे मिटून फक्त मी लिहिलेलं वाचून दाखवलं आणि त्याला तसं भंगारातून जुळवायला सांगितलं. जिथे त्याचे हात अडले, तिथे माझं वाक्य अपुरं होतं. स्वतः अर्ज लिहिणाऱ्याला मी हा एकच उपाय सुचवेन.

आता पेटंट ऑफिसातल्या तपासणीच्या रांगेचा प्रश्न. साधी तपासणी मागितली (फॉर्म 18, 4,000 रुपये) तर नंबर लागायला वर्षं जाऊ शकतात. जलद तपासणी (फॉर्म 18अ) 8,000 रुपयांची, पण ती सगळ्यांना मिळत नाही. स्टार्टअप, लघुउद्योग वगैरेंसोबत, व्यक्तींनी मिळून केलेल्या अर्जात निदान एक स्त्री अर्जदार असेल तरी ती मिळते. 2019 पासूनचा नियम आहे. मामीचं नाव केवळ मानाने घातलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. इथे मूळ कल्पनाच तिची होती. तिच्या ओळखपत्राची प्रत जोडली. लवकर प्रसिद्धीसाठी फॉर्म 9, 2,500 रुपये. एरवी अर्ज अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. आमचा महिन्याभरात शुक्रवारच्या पेटंट जर्नलमध्ये आला.

जर्नलमध्ये नाव-पत्ता येतो आणि फोन सुरू होतात. "तुमचं पेटंट अडकलंय, एवढे भरा." "परदेशी पुरस्कारासाठी निवड झाली, नोंदणी शुल्क पाठवा." मामी एकाला जवळजवळ पैसे पाठवणार होती. पेटंटची फी फक्त अधिकृत पोर्टलवर भरायची असते, फोनवर कोणी मागत नाही, हे घरातल्या सगळ्यांना प्रसिद्धीच्या आधीच सांगून ठेवा.

जानेवारी 2024 मध्ये पहिला तपासणी अहवाल (एफईआर) आला आणि घरात सुतक पसरलं. पहिल्यांदा वाचताना असंच वाटतं की सगळं नाकारलं. सामानाच्या ट्रॉलीचं एक जुनं पेटंट डी1, ट्रकच्या ओझ्यानुसार चालणाऱ्या ब्रेकचं दुसरं डी2. दोन्ही एकत्र केली की तुमची वस्तू जाणकाराला सहज सुचेल, म्हणून कल्पकता नाही. शिवाय कलम 3(एफ) : माहीत असलेल्या, आपापलं काम स्वतंत्रपणे करणाऱ्या वस्तूंची नुसती फेरमांडणी, तिला पेटंट नाही. खाली किरकोळ दुरुस्त्या : दाव्यांत आकडे कंसात घाला, सारांश सुधारा. आक्षेप जवळपास प्रत्येकाच्या अर्जावर येतात. उत्तराला सहा महिने असतात, गरज पडली तर फी भरून आणखी तीन वाढवून मिळतात. पहिला आठवडा काहीही लिहू नये, फक्त डी1 आणि डी2 नीट वाचावीत.

वाचल्यावर वाट दिसली. डी1 मधली स्प्रिंग कायम एकाच ताणाची. डी2 मध्ये दाबाच्या झडपा, ज्या हातगाडीला बसवताच येत नाहीत. आमच्याकडे फळी बसते, उलटी लिव्हर फिरते आणि दांडी ओढली जाते. मामाने गाडीला ताणकाटा अडकवून रिकाम्या, अर्ध्या आणि भरल्या गाडीवर ब्रेक किती ओढीला सुटतो ते मोजलं, आणि ते आकडे मी तक्त्यात दिले. पहिला दावा आकुंचित केला : ओझ्याने स्प्रिंग आवळणारा कोणताही ब्रेक नव्हे, तर लिव्हरच्या त्या विशिष्ट जोडणीमुळे दांडी ओढीत राहते तो ब्रेक. म्हणजे वाचला तो मुख्यतः पोराचा टॅक. मामाने हे ऐकलं आणि पोराला चहा आणायला पाठवायच्या ऐवजी स्वतः उठून गेला.

मेमध्ये उत्तर गेलं. ऑगस्टमध्ये सुनावणीची नोटीस, व्हिडिओवर. मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात जावं लागलं नाही. मी लॅपटॉप शॉपमध्येच गाडीसमोर लावला आणि शेजारच्या ग्राइंडरवाल्याला तासभर थांबायची विनंती केली. नियंत्रकांनी (अर्जावर निर्णय देणारे पेटंट ऑफिसचे अधिकारी) 3(एफ) वर विचारलं : फळी आणि स्प्रिंग आपापलं काम स्वतंत्रपणे करत नाहीत का? मी इंग्रजी जुळवत होते तेवढ्यात मामीने तिच्या बाजारातल्या हिंदीत सांगितलं, "साहब, माल उतारो तो स्प्रिंग अपने आप ढीली. एक के बिना दूसरे का काम ही नहीं होता." आणि क्रेट उचलून दाखवला. ते शांतपणे बघत होते. मग त्यांनी दाव्यातला एक शब्द बदलायला सुचवला. सुनावणीनंतर पंधरा दिवसांत लेखी म्हणणं द्यावं लागतं; ते आम्ही आठवड्यात दिलं.

नोव्हेंबरमध्ये प्रमाणपत्राची पीडीएफ आली. मुदत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, म्हणजे दोन आधीच सरली होती. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण लागतं. तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला 800 रुपये, पुढे वाढत जाऊन शेवटच्या पाच वर्षांत 8,000. आमचं तिसरं वर्ष सुरू झालेलं असल्याने नोंद झाल्यापासून तीन महिन्यांत 800 भरले. 1,600, 2,500, 8,000 आणि 800 : बेरीज 12,900.

आता तो तिसरा प्रश्न. आमच्या बाजारातल्या चार-पाच गाड्यांवर एव्हाना तसाच ब्रेक आहे, त्यातले दोन मामाने केलेले नाहीत. मी म्हटलं नोटीस देता येईल. मामी म्हणाली, "कोणाला? त्या केळीवालीला?" सामान्य लोकांच्या नवकल्पना गोळा करणाऱ्या हनीबी नेटवर्कचे प्रा. अनिल गुप्ता हाच विचार बरीच वर्षं मांडत आले आहेत : लोकांनी लोकांकडून उचललं तर उचलू द्यावं, कंपनीने उचललं तर तिने परवाना घ्यावा. तिघांनी बसून तेच ठरवलं. स्वतःच्या गाडीला करणाऱ्याला मोकळीक. गाड्या बनवून विकणाऱ्या एका कारखानदाराने चौकशी केली आहे, त्याच्याशी दर गाडीमागे रकमेवर बोलणं चालू आहे. तो आधी "ही तर साधी लिव्हर" म्हणत होता. पेटंट क्रमांक दिल्यावर त्याने पुढच्या भेटीला वकील आणला.

परवाना झाला तर तो पेटंट ऑफिसात नोंदवावा लागेल, फॉर्म 16. आणि पेटंटचा वापर होतोय की नाही याचं निवेदन, फॉर्म 27, मार्च 2024 च्या नव्या नियमांमुळे आता दर वर्षी नाही, तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचं आहे. आमचं पहिलं 30 सप्टेंबर 2028 पर्यंत. तिघांच्याही मोबाइलवर आठवण लावून ठेवली आहे. पोरगा खरंच दुसऱ्या शॉपवर गेला आहे, त्याचा नवा नंबर घेऊन त्यालाही लावायला सांगितली.